मागून येणारं आमेन

आमच्या चर्चच्या कुठल्याही जुन्या रविवारचा व्हिडिओ उघडून बघा, त्यात मी दिसणार नाही. पाळकसाहेब दिसतील, त्यांच्या मागची चिऱ्याची भिंत दिसेल, भिंतीवरचा लाकडी क्रूस आणि खिडकीतून आत डोकावणारी फणसाची फांदी दिसेल. मी या सगळ्याच्या अलीकडे उभा असायचो, एक डोळा मिटून. रत्नागिरीत लग्नाची, बारशाची शूटिंग करून माझं घर चालतं. बोलायला लागू नये म्हणून यांनी हा धंदा धरला, असं माझी बायको पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. मीही हसतो, कारण ते खरं आहे. चर्चमध्येसुद्धा मी लहानपणापासून शेवटच्या बाकावर बसत आलो. गाण्याच्या वेळी पुस्तक उघडायचं, ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही.

त्या जुन्यांतल्या फक्त एका व्हिडिओत मी आहे. घामाघूम, मान खाली, हात कुठे ठेवायचे ते न कळलेला. तो आमच्या मंडळीतल्या बहुतेकांनी पाहिलाय आणि त्यावरून मला अजून चिडवतात. तोंडाने एकदा सांगून झालेलं आता लिहून काढतो, म्हणजे आत काही उरायला नको.

सुरुवात टाळेबंदीत झाली. चर्चला कुलूप होतं. आमचे पाळकसाहेब घाटावरचे, नगरकडचे, वयाने माझ्याहून लहान. त्यांचा फोन आला, "दादा, तुमचा कॅमेरा रिकामाच असंल ना आता?" लग्नं बंद होती, त्यामुळे कॅमेराही रिकामा आणि मीही रिकामा. परवानगी काढून आम्ही दोघंच चर्चमध्ये जायचो. ते रिकाम्या बाकांना उपदेश करायचे आणि मी तो घरी नेऊन, नीट करून मंडळीच्या ग्रुपवर टाकायचो. पहिल्याच व्हिडिओनंतर राजापूरच्या एका कुटुंबाने आपला फोटो पाठवला. घरातली सगळी माणसं आंघोळी करून, ठेवणीतले कपडे घालून, पडवीत ओळीने बसलेली. समोर तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन. तो फोटो मी पुन्हा पुन्हा काढून बघायचो. आपणही मंडळीला काही देऊ शकतो, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं.

मग कुलूप उघडलं. माणसं आली, पण सगळी आली नाहीत. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला रविवारी रिक्षा मिळत नव्हती, कुणाच्या घरी पाहुणे. प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट मात्र एकच, "आणि तुझा व्हिडिओ येतोच की रे!" हे ऐकून मी सुखावायचो. गल्लीतल्या एका बाईंनी तर मला मच्छी मार्केटात थांबवून सांगितलं, "मी बांगडे साफ करता करता उपदेश ऐकते हो. हातानं घाण जाते नि कानानं पाप जातं." मी खो खो हसलो. त्या बाईंची चर्चमधली जागा आता रिकामी असते, हे हसताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आधी मागची बाकं रिकामी झाली, मग मधली. कॅमेरावाल्याला हे सगळ्यांत आधी कळतं. पूर्वी मी मागून सगळी मंडळी दाखवून मग पाळकसाहेबांवर यायचो. आता थेट त्यांच्यावरच कॅमेरा ठेवू लागलो. मग त्यांच्या पुढची रिकामी दोन बाकंही दिसायला लागली, तेव्हा कॅमेरा आणखी जवळ नेला. चित्र जितकं जवळचं, तितकं चर्च भरलेलं वाटतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. लग्नात जेवणाची पंगत अर्धी रिकामी असली की आम्ही असंच करतो.

पण आवाज जवळ नेता येत नाही.

इथे आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी. उपदेशाच्या आधी आमच्याकडे दर रविवारी एकच छोटं गीत म्हणतात. त्याचं शेवटचं कडवं उभं राहून म्हणायचं, आणि त्या कडव्याला पेटी थांबते. नुसते माणसांचे गळे. कडवं संपलं की सगळ्यांचं मिळून आमेन. आणि ते विरून गेल्यावर, थोडं अंतर ठेवून, दुसऱ्या बाकावरून एकट्या काकांचं आमेन.

काका म्हणजे आमच्या मंडळीतले एसटीचे निवृत्त कंडक्टर. माझे सख्खे कोणी नव्हेत, पण त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला मावशी म्हणतच आम्ही सगळे मोठे झालो. राजापूरच्या गाडीवर त्यांची नोकरी गेली. आवाज खडा, रेघ ओढल्यासारखा. त्यांचं आमेन लांबलचक असायचं, घाट उतरणाऱ्या गाडीसारखं सावकाश खाली यायचं. मी लहान असताना एका नव्या पाळकांनी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही सगळ्यांबरोबर का नाही म्हणत?" काका म्हणाले, "सगळे चढले काय ते बघतो साहेब. मागाहून बेल मारतो." त्यानंतर आलेला प्रत्येक पाळक त्यांच्या आमेनची वाट बघायचा. त्यांची बेल झाल्याशिवाय पवित्र शास्त्र उघडायचं नाही, हे आमच्याकडे ठरूनच गेलं.

टाळेबंदीच्या दुसऱ्या वर्षी काका गेले. मातीला आम्ही मोजकी माणसं होतो, तोंडं बांधलेली. कोणी गायलं नाही. मावशींना त्यांचा मुलगा मुंबईला घेऊन गेला.

एका रविवारी त्या शेवटच्या कडव्याला मला पंख्याची घरघर ऐकू आली. गाण्यापेक्षा मोठी. तसाच व्हिडिओ पाठवला, तर मुंबईहून एकाचा निरोप आला, "आज गाणं असं बारीक का? माणसं नव्हती काय?" मी लिहिलं, "माइक बिघडलाय." लिहिताना अंगठा जरासुद्धा अडखळला नाही. मला आज तेच जास्त लागतं.

पुढच्या आठवड्यात मी ते केलं. आमच्या धंद्यात आवाज बदलणं कोणी वाईट मानत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी मांडवामागे जनरेटर धडधडत असतो, नवरीचा मामा स्वयंपाक्यावर खेकसत असतो. ते सगळं काढायचं आणि सनई घालायची. लोक व्हिडिओ बघून म्हणतात, काय सुंदर लग्न झालं! माझ्या कॉम्प्युटरवर टाळेबंदीच्या आधीच्या एका ईस्टरची, कोणाच्या तरी सांगण्यावरून शूट केलेली उपासना पडून होती. त्या दिवशी चर्च एवढं भरलं होतं, की पायऱ्यांवर माणसं उभी होती. गीत तेच. मी त्यातलं गाणं उचललं आणि नव्या व्हिडिओत घातलं. गाणं चालू असताना चित्रात क्रूस ठेवला, फणसाची फांदी ठेवली, म्हणजे कुणाचे ओठ जुळवायला नकोत. झालं. चर्च दणाणलं.

ग्रुपवर हात जोडलेल्यांची, फुलांची रांग लागली. "बघा, माइक नीट झाला!" "घरी बसून चर्चला गेल्यासारखं वाटलं." मी ते बायकोलाही वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी कशास व्हिडिओ बघू? मी होते की तिथं." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

पुढच्या रविवारी मी तेच केलं. आणि त्याच्या पुढच्या. सवय लागली की माणूस स्वतःला विचारायचं सोडतो. मला वाटायचं, लांबच्या माणसांना धीर देतोय. आपलं चर्च आहे, भरलेलं आहे, जाऊ तेव्हा असेल. यात वाईट काय?

पाऊस सरत आला होता तेव्हा पाळकसाहेब घरी आले. चप्पल काढतानाच त्यांचा चेहरा उतरलेला. आमच्या सगळ्या चर्चचा कारभार बघणाऱ्या मुख्य कमिटीचं म्हणणं पडलं होतं, की रत्नागिरीला रविवारी येणारी माणसं फार कमी झालीत आणि व्हिडिओ तर जातोच आहे, तर पाळकांना दुसऱ्या गावी हलवावं. महिन्यातून एक रविवार त्यांनी रत्नागिरीला यावं, बाकीचे रविवार लोकांनी घरी उपदेश ऐकावा, चर्चला कुलूप. पाळकसाहेबांनी गयावया करून कापणीच्या सणापर्यंत मुदत मागून घेतली होती. सणाला कमिटीचे सेक्रेटरी स्वतः येऊन बघणार आणि मग ठरवणार. म्हणून पाळकसाहेब एकेकाला फोन करत होते, गावातल्यांना आणि मुंबईतल्यांनाही. सणाला या, सेक्रेटरींना सांगा की आम्हाला आमचा रविवार पाहिजे.

"आणि लोक काय म्हणत्यात म्हाईतंय का दादा? म्हणत्यात, साहेब, कशाला घाबरवताय? व्हिडिओत तर चर्च दणाणतंय. एक जण तर म्हणला, सणाला गर्दी व्हावी म्हणून असलं खोटं सांगायचं व्हय? मला काय कळंना. मी खरं सांगतोय आणि ते मला माझाच व्हिडिओ दाखवत्यात!"

पाळकसाहेब स्वतःचे व्हिडिओ कधी बघत नसत. आपला आवाज ऐकून त्यांना लाज वाटायची. मी चहाच्या कपाकडे बघत होतो. बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "साखर कमी झालीय का?"

ते गेल्यावर मी कॉम्प्युटरपुढे जाऊन बसलो आणि काहीच केलं नाही. कधीतरी लहानपणी फुटक्या काचेवर वही ठेवून तिच्यावर बसलो होतो, आईला दिसू नये म्हणून. तसंच वाटत होतं. उठता येत नव्हतं.

आणि मग मावशींचा फोन आला.

"सलाम, मावशी."

"सलाम. जेवलास?"

"हो, झालं आत्ताच."

"ह्या रविवारचा व्हिडिओ बघितला. बरा होता उपदेश. काय रे, ते गाणं कुठचं?"

"ह्याच रविवारचं."

"ह्या रविवारचं."

"हो."

"मग ह्या रविवारी तुझे काका आले होते होय?"

माझ्या हातातला फोन गरम झाला की माझा कान, मला कळलं नाही. ते आमेन! मी ते रेकॉर्डिंग किती वेळा वाजवलं असेल, पुढेमागे केलं असेल, पण सगळ्यांच्या आमेनच्या मागून येणारं ते एकट्याचं आमेन मला वेगळं असं ऐकूच आलं नव्हतं. जन्मभर ते त्या जागी ऐकलेलं. ते नसतं तरच कानाला खटकलं असतं. गावातल्या इतर माणसांचंही तसंच झालं असणार. ज्या माणसाला माती देताना आम्ही गायलो नाही, त्याला मी दर रविवारी चर्चमध्ये गायला लावत होतो.

"मावशी..." म्हणतानाच माझ्या तोंडून हुंदका निघाला.

"रडू नको मेल्या. मी रडत नाहीये, तू कशाला रडतोस? मी पहिल्याच दिवशी ओळखलं. मला बरं वाटलं म्हणून गप राहिले. मुलगा म्हणतो, आई, पुढचा उपदेश ऐक. मी म्हणते, थांब, परत लाव. पण आता पाळकसाहेबांचा फोन आला, चर्च बंद करणार म्हणाले. मी विचारात पडले. मेलेला माणूस गातोय ते मला समजलं रे. जिवंत माणसं कुठं गेली ते सांग."

मग मी सगळं सांगितलं. बाकं, पंखा, माइक, ईस्टर. कमिटी. चहाची साखरसुद्धा. इतकं सलग मी कोणाशी कधी बोललो नव्हतो. मावशींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आता हेच सगळ्यांना सांग. मी सांगू शकते. पण तू सांग." आणि फोन ठेवला.

मी लगेच सांगितलं असं वाटत असेल तर तसं नाही. मी आधी पळवाट शोधली. ईस्टरच्या रेकॉर्डिंगमधून काकांचं आमेन तेवढं कापून काढलं, मागचा खरखराट घालवला, स्वच्छ केलं आणि मावशींना पाठवलं. वाटलं, म्हातारी खूश होईल, थोडी नरम पडेल.

फोन आलाच.

"हे काय पाठवलंस?"

"काकांचं आमेन, मावशी. तुम्हाला ठेवायला."

"आधी गाणं नाही, माणसं नाहीत, एकदम आमेन? ते असं कधी म्हणाले? डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत बेल मारल्यासारखं वाटतंय. नको मला." मग आवाज जरा खाली आला. "आमेनच्या आधी मंडळी लागते रे."

त्या संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते म्हणाले, "लोक मला खोटं ठरवत होते आणि दादा, तुम्ही साखर विचारत होता?"

"हो."

"जास्तच होती साखर." आणि मग त्यांना हसू आलं, पण डोळ्यांत नाही. "उद्या उपासनेत सांगा. कॅमेरा चालू ठिवून."

दुसऱ्या दिवशी गीत झालं. पंख्याची घरघर, बायकोचा आवाज, पाच-सहा म्हाताऱ्यांचे आवाज. सगळ्यांचं आमेन झालं आणि मागून काही आलं नाही. मी कॅमेऱ्याची तिपाई उचलली. ती पुढे नेऊन वेदीच्या बाजूला ठेवली आणि कॅमेऱ्याचं तोंड फिरवून बाकांकडे केलं. सगळी रिकामी बाकं एकदम चित्रात आली. मग मी स्वतः जाऊन त्या चित्रात उभा राहिलो.

काय बोललो ते व्हिडिओत आहे. फार नाही. "ही आजची मंडळी. एवढीच. तुम्ही ऐकत होता ते गाणं जुन्या ईस्टरचं होतं, मी घातलं होतं. त्यात काकांचा आवाज आहे. पाळकसाहेब खरं सांगत होते, खोटं मी दाखवत होतो. बाकं रिकामी व्हायलाही माझा व्हिडिओ कारण आहे आणि ते मला आवडत होतं. मला क्षमा करा." मध्ये एकदा घसा बसला, तेव्हा समोर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पाणी द्या रे त्याला." तेही व्हिडिओत आहे. मी काहीच कापलं नाही. तसाच ग्रुपवर टाकला आणि फोन उलटा करून ठेवला.

फोन थरथरत थरथरत टेबलाच्या कडेला आला. बायकोने उचलला आणि वाचायला लागली. काही जण फार चिडले होते. ते त्यांचं बरोबर होतं. एकाने लिहिलं होतं, "पाळकसाहेबांना मी नको ते बोललो, आता कोणत्या तोंडाने येऊ?" त्याखाली दुसऱ्याने, "आहे त्या तोंडाने ये, पण ये." एका बाईंनी विचारलं होतं, "माझ्या लग्नाच्या व्हिडिओत सासूबाई हसताना दिसतात, त्या तरी खऱ्या हसल्या होत्या काय?" बांगडेवाल्या बाईंनी आवाज पाठवला होता: "मी घरात बसून कोणाबरोबर गात होते मग इतके दिवस? भुतांबरोबर?" बायको हसता हसता खाली बसली. मी तिला बऱ्याच दिवसांनी तशी हसताना बघत होतो.

आणि त्या सगळ्यात मावशींचा एकच शब्द होता: "येते."

कापणीच्या सणाला आमच्याकडे घरचं पहिलं पीक आणतात. भाताची लोंबी, नारळ, केळीचे घड, काकड्या, कोणी कोंबडा. त्या सकाळी मी तिपाई घेऊन लवकर गेलो. मनात म्हणत होतो, निदान निम्मी बाकं भरू देत. आधी राजापूरचं कुटुंब आलं. तेच, पडवीत फोनपुढे ओळीने बसलेलं. एसटीने आले होते, मांडीवर लोंब्यांची पेंढी. म्हाताऱ्या आजोबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तूच तो? मला वाटलं उंच असशील." मग दापोलीहून एक नवरा-बायको आले. मग गावातलीच माणसं, एकामागून एक, गुडघे दुखणारी, रिक्षा न मिळणारी. बांगडेवाल्या बाई नवी साडी नेसून, नाकासमोर बघत आत शिरल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "आज बांगडे बंद ठेवलेत तुझ्यासाठी."

आणि मग गाडीने आलेले मुंबईचे लोक रिक्षांमधून उतरायला लागले. बॅगा चर्चच्या पायरीशी तशाच टाकलेल्या. सेक्रेटरी पुढच्या खुर्चीवर येऊन बसले होते, ते सारखे मागे वळून बघत होते. मागची बाकं भरली. मधली भरली. शेजारच्या घरांतून खुर्च्या आल्या, मग स्टुलं आली. माणसं पायऱ्यांवर उभी राहिली.

मावशी मुलाचा हात धरून आल्या आणि थेट दुसऱ्या बाकावर गेल्या. मी माझ्या जागी, कॅमेऱ्यामागे. त्यांनी वळून मला शोधलं आणि काठीने शेजारची जागा ठोकली.

"ये इथे."

"मावशी, कॅमेरा..."

"तो तीन पायांवर उभा आहे. तुला दोन आहेत ना? ये. काकांची जागा रिकामी ठेवायची नाही."

मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या बाकावर बसलो. पाठीमागे एवढी माणसं आहेत हे पाठीला कळतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

गीत सुरू झालं. शेवटच्या कडव्याला सगळे उठले, बाकं करकरली आणि पेटी थांबली. पंखा चालू होता का? मला माहीत नाही. तो आवाज भिंतींवर आपटून परत येत होता, कौलांपर्यंत चढत होता. ईस्टरच्या त्या रेकॉर्डिंगपेक्षा मोठा होता, हे मी खात्रीने सांगतो, ते रेकॉर्डिंग माझ्याएवढं कोणी ऐकलेलं नाही. आणि मी ओठ हलवत नव्हतो. मी गात होतो. बेसूर, घसा ताणून. मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं, म्हणजे फारच बेसूर असणार.

सगळ्यांचं आमेन झालं. ते विरत गेलं. पाळकसाहेबांचा हात शास्त्रावर होता, पण त्यांनी ते उघडलं नाही. ते दुसऱ्या बाकाकडे बघत थांबले. सगळं चर्च थांबलं. मावशी काठीवर भार देऊन वळल्या. त्यांनी मागे बघितलं, एकेका बाकावरून नजर नेत नेत अगदी पायऱ्यांवरच्या माणसांपर्यंत. घाई केली नाही. मग स्वतःशीच म्हणाल्या, "चढले सगळे." आणि पुढे तोंड करून त्यांनी आमेन म्हटलं. बारीक, थरथरतं, लांब, सावकाश खाली उतरत जाणारं.

ते संपतंय न संपतंय, तोच वेदीजवळ पाय बांधून ठेवलेला सणाचा कोंबडा खणखणीत आरवला.

आमच्या लोकांना शास्त्रातला कोंबडा चांगला माहीत आहे. प्रभूला मी ओळखतच नाही असं त्याचाच शिष्य खोटं बोलला आणि मग कोंबडा आरवला, हे लहान पोरांनाही पाठ असतं. सगळं चर्च माझ्याकडे वळलं. पहिल्यांदा पाळकसाहेब हसले. मग बांगडेवाल्या बाई. मग हसू बाकांवरून मागे मागे गेलं, पायऱ्यांवरून बाहेर गेलं. सेक्रेटरी चष्मा काढून डोळे पुसत होते. मी पण हसत होतो, आणि माझ्या मानेवरून काहीतरी उतरून खाली पडल्यासारखं वाटत होतं. पाळकसाहेबांनी शास्त्र उघडलं, तरी थोडा वेळ त्यांना वाचता येत नव्हतं.

कमिटीचा निर्णय नंतर रीतसर आला. आम्हाला तो त्या दिवशी जेवतानाच कळला होता. सेक्रेटरी पंगतीत बसले होते, मटणाचा रस्सा ओरपत. पाळकसाहेबांनी भीत भीत विचारलं, "साहेब, मग काय लिहिणार?" मागून कोणीतरी ओरडलं, "गाडी सुटली म्हणून लिहा!" सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या वर्षी सणाला खुर्च्या जास्त मागवून ठेवा. आणि तुम्हीच असा इथे." मावशींनी ताटावरून मान वर केली नाही, फक्त डाव्या हाताने काठी दोनदा जमिनीवर आपटली.

आता गावातल्यांना व्हिडिओ सोमवारी मिळतो. हे मी ठरवलं, आणि मंडळीने मला त्याबद्दल शिव्या दिल्या आणि मान्य केलं. अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांना आणि लांबच्यांना तेवढा त्याच दिवशी जातो. दर रविवारी चर्च सणासारखं भरतं असं मी सांगणार नाही. खोटं सांगून झालंय माझं. पण पंखा ऐकू येत नाही. मी कॅमेरा लावतो, तो मागून सगळी बाकं दाखवतो, भरलेली आणि रिकामी, आणि मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो. मावशी मुलाला सांगून रत्नागिरीतच परत राहायला आल्या. त्यांचं आमेन अजून बारीक आहे. पाळकसाहेब त्याच्यासाठी थांबतात.

सणाच्या दिवशीचा व्हिडिओ मी जसाच्या तसा पाठवला. चित्र एका बाजूला किंचित कललेलं, कारण कोणाचा तरी धक्का तिपाईला लागला होता. शेवटच्या कडव्याला आवाज फाटलेला, माइकला एवढं पेललंच नाही. येऊ न शकलेल्या एका माणसाने आखातातून निरोप पाठवला, "आवाज चिरकतोय. परत माइक बिघडला काय?"

मी लिहिलं, "नाही. माणसं आहेत."